त्या चुलीला लाकूड कोण घालतं

१३ फेब्रुवारी १९८३, रविवार

आज पण टँकर नाही. तिसरा दिवस. सून सिंधु दोन घागरी घेऊन स्टेशनापर्यंत जाऊन आली. घागरी रिकाम्याच.

उपासनेत पाळकसाहेबांनी न्यायाच्या दिवसावर सांगितलं. श्रीमंत माणूस मेला नि आगीत पडला. वर बघून त्यानं पाणी मागितलं. लोटाभर नाही, बोटाच्या टोकावर मावेल एवढं, जिभेला लावायला. मिळालं नाही. यंदा तो दाखला कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

शेवटी म्हणाले, ती आग कधीच विझत नाही.

मी अडतीस वर्षं मिशनच्या बोर्डिंगात साठ पोरांचा स्वयंपाक केला. आग मला माहीत आहे. उजव्या मनगटावर वरणाच्या पातेल्याचा डाग अजून आहे. चूल कितीही मोठी असो, लाकूड सरलं की विझते. विझत नाही म्हणजे कुणीतरी लाकूड घालत असणार. रोज. कोण घालतं?

बाकावर बसल्या बसल्या हे मनात आलं. असलं मनात येणं हेच पाप असेल!

१५ फेब्रुवारी, मंगळवार

टँकर आला. चार घागरी मिळाल्या. सिंधु म्हणाली, "मामा, अंघोळ आता रविवारीच." बरं म्हटलं. सून वाईट नाही, पण पाण्यावर नागिणीसारखी बसते.

मुलाला, ग्यानोबाला, पत्र लिहिलं. तो लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई आहे. पाकिटावर लातूर लिहून खाली सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहिलं. खोडलं. नवा जिल्हा होऊन सहा महिने झाले, हात ऐकत नाही. खाडाखोडीचं पाकीट पोस्टमन टाकेल का फेकून देईल?

१७ फेब्रुवारी, गुरुवार

लिंबाजीकडे जाऊन आलो. सगळी काळजी त्याच्याचमुळं आहे. चार दिवस ते लिहायचं टाळत होतो.

लिंबाजी माझा धाकटा भाऊ. रेल्वेत गँगमन होता. आता छाती गेली. डॉक्टर म्हणाले, पावसाळा बघणार नाही. बायको वारली. नात पंचशीला सांभाळते. ती बालवाडीत शिकवते.

आम्ही दोघं एकाच बोर्डिंगात वाढलो. मी बारा वर्षांचा, तो नऊचा. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी पांढरा सदरा घालून उभा, नि हा तुरीत लपून बसला. पाणी गार असतं म्हणून! सापडला तोवर मिशनरी साहेब बैलगाडीत बसून कंधारच्या वाटेला लागले होते. मग राहिलं ते राहिलंच. छप्पन सालानंतर त्यानं बुद्धाची दीक्षा घेतली. मी सहा महिने बोललो नाही. एके दिवशी तोच दारात आला. "दादा, कोरड्यास काय हाय?" म्हणाला. वांगं होतं. दोघं जेवलो. भांडण संपलं.

आज धीर करून म्हटलं, "लिंबा, एकदा प्रभूचं नाव घे. माझ्यासाठी घे."

खोकला थांबेपर्यंत थांबला. "अन् न्हाई घेतलं तर?"

मी त्याची गोधडी सारखी करायला लागलो.

"बोल की. जाळतो?"

"तो जाळत नाही रे. माणूस आपल्या हातानं—" पाळकसाहेब सांगतात तसं सांगायला गेलो. अर्ध्यात विसरलो.

हसला. "घाबरू नको दादा. माझं कागद अजून उस्मानाबादेलाच असतील. तुझा देव लातूरहून मागवील, तवर मी निसटतो."

पंचशीला चूल फुंकत होती, तीही हसली. मीही हसलो. घरी येताना वाटलं, हसायला नको होतं.

२० फेब्रुवारी, रविवार

उपासनेत लक्ष लागलं नाही.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

देवणीकडची जनावरं चारा डेपोला निघाली आहेत. सकाळपासून रस्त्यावर धूळ. लिंबाजीला धुळीचा त्रास, म्हणून दाराला ओलं पोतं लावायचं म्हटलं तर ओलं करायला पाणी कुठलं!

आज त्यानंच विषय काढला. "दादा, तू वर जाणार. तिथं म्हणे मोठी पंगत असती."

"असते."

"अन् मी खाली. जळून राहिलो."

"लिंबा, असं बोलू नको."

"न्हाई, इचारतो फकस्त. वरून दिसत असंल की. मला सांग, तुला जेवण जाईल का?"

पंचशीला म्हणाली, "आबा, थोरल्या बाबांना कशाला छळता?"

"छळून राहिलो व्हय? त्यो आचारी हाय. जेवणाचं त्यालाच इचारणार."

घरी आलो. सिंधुनं पिठलं केलं होतं. अर्धी भाकरी ठेवली. ती म्हणाली, "मीठ कमी हाय का?" मीठ बरोबर होतं.

२७ फेब्रुवारी, रविवार

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. जेवणाचं विचारलं. लिंबाजीचं नाव घेतलं नाही, पण त्यांना कळलं. इथं सगळ्यांना सगळं कळतं.

म्हणाले, "काका, तिथं दुःख नाही, रडणं नाही. देव ती आठवणच पुसून टाकील."

"भावाची?"

"दुःखाची."

"पाळकसाहेब, भाऊ पुसल्याशिवाय ते दुःख पुसलं जाईल कसं?"

ते चष्मा पुसत बसले. तरुण आहेत, पस्तिशीचे. मग म्हणाले, "माझे आजोबा पोतराज होते, काका. मरेपर्यंत. मी हा प्रश्न कुणाला विचारत नाही." आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले. कपात पाणी कमी, दूधच जास्त. मोठा मान दिला.

मला विसरायचं भय आधीच आहे. म्हणून तर ही वही सुरू केली. परवा बोर्डिंगातल्या मेट्रनबाईचं नाव आठवेना. वर जायचं नि लिंबाजी विसरायचा! मग जो वर बसेल तो कोण? मी, साहेबराव, तर नसेन.

६ मार्च, रविवार

पाळकसाहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं — आजारी माणसाला घरी बाप्तिस्मा देता येतो का? म्हणाले, येतो. दुसऱ्या कुणी दिला तर? म्हणाले, अगदीच प्रसंग आला तर चालतं, पण माणसानं मागितला पाहिजे. मनापासून.

मागितला पाहिजे. तो कसला मागतो!

७ मार्च, सोमवार

खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उकळून घेतली. माझ्या वाटच्या पिण्याच्या पाण्यातलं भरून पिशवीत ठेवली आहे. उगाच.

१० मार्च, गुरुवार

केलं.

दुपारी टँकरचा भोंगा वाजला. सगळी वस्ती घागरी घेऊन पळाली. पंचशीला म्हणाली, "थोरले बाबा, आबांपाशी बसा, मी येतेच." लिंबाजी उताणा झोपला होता. तोंड उघडं, दाढी वाढलेली. नऊ वर्षांचा असताना असाच झोपायचा, माझ्या अंगावर पाय टाकून.

बाटली काढली. टोपण निघेना, दातानं काढलं. कपाळावर तीन वेळा पाणी घातलं — पित्याच्या, पुत्राच्या नि पवित्र आत्म्याच्या नावानं. नाव घेताना अडलो. लिंबाजी म्हणायचं की नवं नाव द्यायचं? लिंबाजीच म्हटलं. दुसऱ्या वेळचं पाणी कानाकडं गेलं. त्याची पापणीसुद्धा हलली नाही. धोतराच्या सोग्यानं पुसलं. बाटलीत थोडं उरलं, ते मी पिऊन टाकलं. ओतायचा जीव झाला नाही.

भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे. त्याच्याकडं बघितलं नाही.

११ मार्च, शुक्रवार

रात्री शांत झोप लागली. महिन्यात पहिल्यांदा. सकाळी उठलो नि वाटलं, काय करून बसलो! त्यानं भर सभेत उभं राहून, आपल्या तोंडानं शपथा घेऊन दीक्षा घेतली. मी त्याच्या झोपेत, चोरासारखा. उद्या कुणी माझ्या झोपेत येऊन मला काही करून गेलं तर? मी त्याचं तोंड बघितलं असतं का?

आणि चाललं की नाही हेही कळत नाही. चाललं असलं तर चोरी. नसलं तर चोरीही फुकट.

१४ मार्च, सोमवार

सांगायचं ठरवून गेलो. सांगता आलं नाही. त्यानं उगाच विचारलं, "दादा, झोप येती का आता?" येते म्हटलं. "मंग ब्येस झालं," म्हणाला, नि कुशीवर वळला. पाठीची हाडं मोजता येतात.

१७ मार्च, गुरुवार

पुन्हा गेलो. पुन्हा सांगितलं नाही. त्याला दोन चमचे पेज पाजली. तिसरा नको म्हणाला. "आचारी चांगला, पण पेजेत कसब दिसत न्हाई."

२० मार्च, रविवार

उपासनेला गेलो, पण प्रवचन ऐकलं नाही. माझंच चाललं होतं.

मी चौथी पास. शास्त्र पाळकसाहेबांना माहीत. पण लिंबाजीला आगीत एक दिवस माझ्यानं बघवणार नाही. कायमचं तर सोडाच. त्यानं नाव घेतलं नाही तरी बघवणार नाही. मला शिव्या दिल्या तरी नाही. आणि मी कोण? चिडका, भित्रा, पोरांच्या वरणात पाणी वाढवणारा. देवाची माया माझ्यापेक्षा मोठी, असं रोज प्रार्थनेत मीच म्हणतो. मग जे माझ्यासारख्याला जमत नाही, ते त्याला कसं जमतं?

पुढं लिहायला भीती वाटते. सिंधु म्हणते, "मामा, किती लिहिता? डोळे जातील."

२३ मार्च, बुधवार

लिंबाजी पहाटे गेला.

मी पोचलो तेव्हा पंचशीला पाय चेपत होती. अजून गरम आहेत म्हणाली. मी हात लावला. नव्हते.

दुपारी नेलं. त्यांच्या लोकांनी त्रिशरण म्हटलं. पाळकसाहेब आले होते. घोळक्याच्या मागं, चपला काढून, उन्हात उभे राहिले. जमीन दगडासारखी झाली आहे. चौघांना खड्डा खणायला तीन तास लागले. मला खोरं धरू दिलं नाही.

सांगायचं राहून गेलं.

२९ मार्च, मंगळवार

लिंबाजीच्या नावानं जलदानाचा विधी झाला. मंत्र चालू असताना ताटात बारीक धारेनं पाणी ओततात. बघवेना. सगळं आटोपल्यावर पंचशीलाला बाजूला बोलावून बाटलीचं सांगितलं. रडलो.

तिला माहीत होतं! त्याच दिवशी संध्याकाळी लिंबाजीनंच तिला सांगितलं होतं, नि थोरल्या बाबांना बोलू नको म्हणाला होता. तो जागा होता. टोपण काढल्यापासून.

"मग उठला का नाही?"

"मी बी तेच इचारलं," पंचशीला म्हणाली. "आबा म्हणाले, दादाची झोप उडालीया माझ्यापायी. उगं पडून राहिलो. माझं काय गेलं?"