कमोडवरचा राजा

११ जून, बुधवार

एकोणसाठाव्या वर्षी आज हातात बंदूक घेतली. प्लास्टिकची, केशरी रंगाची. आरोहीने ऑफिसातल्या मैत्रिणीकडून आणली, टीव्हीला जोडली. "बाबा, फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या ना, हात चालू ठेवा? तो चेंडू दाबून कंटाळलात. आता हे." लेक म्हटल्यावर नाही कसं म्हणणार!

खेळाचं नाव इंग्रजीत आहे, वहीत लिहिण्यासारखं नाही. आपण मॉलमधल्या ट्रॉलीत बसायचं. ट्रॉली आपली आपण चालते — वळवता येत नाही, थांबवता येत नाही. समोरून मुडदे येतात, त्यांना गोळ्या घालायच्या. मुडदे नुसत्या चड्डीवर. गोळी लागली की पादतात आणि हिरवा धूर होतो!

चार मिनिटांत मेलो. मेल्यावरही एक पाद वाजतो. तो आपला.

१२ जून

हाताचं लिहून ठेवतो, लाजेने तरी सुधारेल. मार्चमध्ये मेंदूला झटका आला. हलका, असं डॉक्टर म्हणाले. डावा हात थरथरायला लागला, आणि मी नेमका डावखुरा. परळच्या कारखान्यात तेहतीस वर्षं याच हाताने गणपतीचे डोळे आखले. सुरुवातीला लोक नाकं मुरडायचे — देवाचे डोळे, ते डाव्या हाताने? बाबुराव, माझे गुरू, त्यांना म्हणायचे, "हात बघू नका. रेघ बघा."

आता रेघच बघवत नाही. दहा ऑगस्टला मंडळाच्या मोठ्या मूर्तीचे डोळे आखायचेत. कारखाना वैभवचा. तो म्हणाला, "अजितदादा, तुमच्यासाठी थांबतो. नायच जमलं तर वैदेही हाय."

वैदेही माझ्याच हाताखाली शिकली. हात एकदम स्थिर. मला तिचा भयंकर राग येतो. तिने काही केलेलं नाही, म्हणून जास्तच.

१५ जून, रविवार

नऊ मिनिटं टिकलो! बायको, सीमा, समोर बसून भाजी निवडत होती. "ह्यां काय वो घाण? देवाची कामां करणारो माणूस, आणि असले मुडदे मारतास?"

म्हटलं, औषध आहे.

"मग जेवच्या आधी घ्या की जेवल्यार?"

२२ जून

आज राजापर्यंत पोचलो. राजा म्हणजे सगळ्यात मोठा मुडदा. कमोडवर बसून कागदाचे रोल फेकतो, आणि रोल संपले की इतर काही. त्याला मारायची एकच रीत — दोन्ही डोळे एकदम फोडायचे. एकच फोडला तर तो लगेच भरून येतो.

एक फोडला, भरून आला. पुन्हा फोडला, पुन्हा भरून आला. मग बंदूक खाली ठेवली. आरोहीला सांगितलं, तेहतीस वर्षं ज्याने डोळे उघडले त्याच्याच्याने डोळे फोडवत नाहीत. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

"बाबा, तो संडासात बसलाय."

१ जुलै

थरथर कमी! दुपारी मातीच्या मुखवट्यावर रेघ मारून पाहिली. सरळ आली. बाबुराव हयात असते तर त्यांनी फक्त हुं केलं असतं, पण लांब हुं.

खेळ मात्र लबाड आहे. दुसऱ्या वळणावर एक बादलीवाला मुडदा आहे, तो येताना दिसतच नाही. एकदम अंगावर! टीव्हीची वायर हलवून पाहिली.

९ जुलै

सीमाचं म्हणणं, मी हल्ली चटणी, कोशिंबीर, लिंबू कशालाच हात लावत नाही. "डॉक्टरनी तिखट बंद केल्यानी?" मी म्हटलं, तू वाढतेस कुठे! ती ताट उचलून आत गेली.

चहाचा कप दाराच्या चौकटीवर आपटून फुटला. चौकट एकोणतीस वर्षं तिथेच आहे. मी हसलो. ती हसली नाही.

१७ जुलै

हॉस्पिटल. मॅडमनी हात बघितला, "एकदम छान!" म्हणाल्या. माझी कॉलर ताठ. मग म्हणाल्या, "एप्रिलमध्ये डोळे तपासायची चिठ्ठी दिली होती. जाऊन आलात?"

म्हटलं, मॅडम, मी डोळ्यांचाच कारागीर. माझे डोळे काय तपासायचे?

चिठ्ठी आहे घरात. पंचांगात खूण म्हणून घातली आहे.

२७ जुलै, रविवार

आरोही शेजारी बसली होती. बादलीवाल्याने तीनदा मारलं. चौथ्यांदा ट्रॉली वळणावर आली आणि थांबली.

"बाबा, तो दिसत नाही तुम्हाला?"

"कोण?"

"मी गेम पॉज केलाय. तो उभा आहे. डावीकडे."

मी बघत राहिलो. टीव्ही होता, ट्रॉली होती. बाकी काही नाही. "मान वळवा," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता तिचा.

मान वळवली. होता! चड्डीवर, खांद्यावर बादली घेऊन, इतका वेळ ताटकळत उभा. इतके दिवस, खरं म्हणजे.

कसलं तत्त्व न् कसलं काय! राजाचा दुसरा डोळा मला कधी दिसलाच नव्हता. चटणीही दिसली नव्हती. ताटात डावीकडे वाढतात ते सगळं मी चार महिने टाकून उठतोय, आणि वर बायकोला बोलतोय.

२९ जुलै

चिठ्ठी घेऊन गेलो शेवटी. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेलीय. त्याच झटक्यात. परत येईल असं धरून चालू नका, डॉक्टर म्हणाले. मान वळवून बघायची सवय करा.

चौकट मान वळवून टळेल. मूर्ती आखताना दोन्ही डोळे एकदम दिसावे लागतात, नाहीतर नजर जुळत नाही. बाबुरावांचा नियमच होता — एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हाताने. दोन वर्षांपूर्वी वैदेहीने मी आखलेल्या डोळ्याला नुसता ब्रश टेकवला, तर मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं.

हात बरा केला आणि आता हे. खुर्चीत बसून रडलो. मांडीवर ती केशरी बंदूक. रडताना दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी आलं, तिथे काही अडचण नाही.

३ ऑगस्ट, रविवार

वैभवने वैदेहीला पाठवलं, माझा हात बघून यायला. हात दाखवला. मग बाकीचंही सांगून टाकलं. चहा गार झाला. मग ती टीव्हीकडे बघून म्हणाली, "दादा, ते कोपऱ्यात काय चमकतंय?"

मान वळवली. डाव्या कोपऱ्यात लिहिलेलं — दुसरा खेळाडू, बटण दाबा. पहिल्या दिवसापासून चमकतंय म्हणे!

आरोहीने खोक्यातून दुसरी बंदूक काढली. डावी बाजू वैदेहीची, उजवी माझी. बादलीवाला तिने असा उडवला की मी टाळ्याच वाजवल्या. राजा आला. नेम धरला. ती म्हणाली, "दादा, आत्ता!"

दोन्ही डोळे एकदम गेले. राजा फुटला आणि टीव्हीभर जे काही पसरलं, सीमाने नाकाला पदर लावला.

वैदेही निघाली तेव्हा दारात तिला थांबवलं. म्हटलं, दहा तारखेला माझ्या डावीकडे उभी राहशील का?

१० ऑगस्ट

उजवीकडचा मी आखला. डावीकडचा वैदेहीने. ब्रश टेकवताना ती हळूच म्हणाली, "दादा, आत्ता." बाबुरावांची मनातल्या मनात माफी मागितली.

मागे सरकून पाहिलं. एकच डोळा दिसला. मान वळवली — दोन्ही माझ्याकडेच बघत होते.