सरायीत राहिलेला भाऊ

११ सप्टेंबर १९६२, आवडी (मद्रासजवळ)

एका शब्दापायी आज अर्धी दुपार गेली. गलबतातून उतरून, शिवलेल्या होडीतून लाटा खात खात काशानी सुरतेच्या किनाऱ्याला लागतो. मी लिहिलं — 'ओलाचिंब झालो'. मामा मान हलवत राहिले. "ओला झाला नव्हे. समुद्रानें त्याला भिजवला. इथें राजा असो की हमाल, भिजल्यावांचून कोणी उतरत नाही, असें म्हणतो तो." मग खोडलं.

वही नवी आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवते. काशानी म्हणजे मिर्झा बहराम काशानी. तीनशे वर्षांपूर्वी इराणातून निघाला, सुरतेला उतरला, गोवळकोंडा करून इथवर आला आणि पाहिलेलं सगळं लिहून ठेवलं. मामा म्हणजे चंद्रमौळीराव, तंजावरकडचे मराठी, जन्मभर फार्सी शिकवली. तरुणपणी त्यांनी त्या सफरनाम्याची नक्कल स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. आता काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. मी वाचते, ते मराठी सांगतात, मी लिहिते. पुण्याला बी.ए.ला फार्सी घेतली तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या — हिचा काय उपयोग! आज आवडीहून गाडी, मग अड्यारची बस, एवढा प्रवास तिच्यासाठी करते.

२ ऑक्टोबर

मामींनी नवरात्राच्या बाहुल्या मांडल्यात. पायऱ्यांवर देव, वाणी-वाणीण, एक इंग्रज शिपाईसुद्धा. सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खात खात काशानीचं भातावरचं वाचलं : 'आमच्याकडे तांदूळ तुपात जगतो, इथे पाण्यात मरतो.'

विशालाक्षीमामी दारातूनच म्हणाल्या, "शिजवून कोण घालत होतें त्याला? तिचें नांव लिहिलें आहे काय?"

नाही लिहिलेलं. मामा मोठ्याने हसले. मी हसले नाही. बंदरं, राजे, घोड्यांच्या जाती — सगळ्यांची नावं आहेत.

९ ऑक्टोबर

त्या पानावर आज पोचलो.

बऱ्हाणपूरच्या पुढे एका सरायीत काशानीचा धाकटा भाऊ याकूब तापाने पडतो. पावसाळा तोंडावर. काफिल्याचा मुख्य थांबायला तयार नाही. काशानी सरायीच्या रखवालदाराला भावावर लक्ष ठेवायला सांगतो आणि पहाटे काफिल्याबरोबर निघतो. 'तो झोपला होता. मी त्याला उठवले नाही.' संपलं. पाच ओळी. लगेच पुढे गोवळकोंड्याच्या बाजारातले खरबुजांचे प्रकार, ती चांगली दोन पानं. याकूबचं नाव पुन्हा कुठेच नाही.

मी वाचायची थांबले. मामा म्हणाले, "तें पान सोडून दे. खरबुजांवरून घे."

"सोडून कसं देऊ? त्याने लिहिलंय."

"त्याच्याबरोबर मी इतकीं वर्षें हिंडलों. त्याला असा दाखवूं नको लोकांला."

"मग हे भाषांतर कसलं, मामा?"

मी पेनाला टोपण घातलं आणि निघाले. मामी काफी घेऊन आल्या होत्या, ती तशीच राहिली.

१६ ऑक्टोबर

गेले नाही. आज जायचा दिवस होता. घरात पडदे धुतले.

२३ ऑक्टोबर

चीनने हल्ला केलाय. रेडिओपाशी सगळ्या क्वार्टर्समधली माणसं. रविकांत (नवऱ्याचं नाव वहीत तरी लिहीन) कारखान्यातून फार उशिरा येतो. रजा सगळ्यांच्याच बंद. शेजारणी जवानांसाठी स्वेटर विणताहेत, मीही लोकर आणली. विणता विणता सारखं मनात तेच — तो झोपला होता, मी त्याला उठवले नाही. उठवलं असतं तर निघता आलं नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं. नाहीतर कशाला लिहील? कोणी विचारणारं नव्हतं त्याला.

३० ऑक्टोबर

दुपारी दार वाजलं. विशालाक्षीमामी! एकट्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात मुरुक्कूचा (चकल्यांचा) डबा. या बाई एकट्या कधी बाजारातही जात नाहीत. सेंट्रलवर तीनदा विचारून आवडीची गाडी पकडली म्हणे.

पाणी प्यायल्या, कोरडं लुगडं नेसल्या, आणि मगच बोलल्या.

"तुला राग आला, तें बरोबर आहे. पण ऐक. तें पान त्यांनी मला लग्नानंतर किती वेळां वाचून दाखविलें होतें. म्हणायचे, पाहा, एवढा मोठा माणूस, आपलें वाईट आपणच लिहितो. त्यांला तें पान आवडत होतें, बाळे."

"मग आता?"

"आतां डोळे गेले. हात धरून न्हाणींत न्यावें लागतें. आतां तें वाचलें की ते काशानी होत नाहींत. तो दुसरा होतात."

मला एवढं कळायला हवं होतं. मी खऱ्याखोट्याच्या गोष्टी करत बसले होते, आणि ते त्या सरायीत खाटेवर पडले होते. मामींना स्टेशनवर पोचवायला गेले. गाडीत चढताना म्हणाल्या, "मी आलें होतें तें सांगूं नको. त्यांला वाटतें मी देवळांत गेलें."

२ नोव्हेंबर

अड्यारला गेले. मामांनी पावलं ओळखली.

"आलीस? बैस." आणि मग, "तें पान घे."

"राहू द्या, मामा. खरबुजांवरून घेऊ."

"नको. मीच चुकलों. वाच."

वाचलं. त्यांनी मराठी सांगितलं, एकदाही न अडखळता. ते बहुधा कधीचं तयार होतं मनात. शेवटच्या वाक्यावर मात्र थांबले. फार्सीत 'उठवले नाही' आहे. ते म्हणाले, "'उठवूं शकलों नाहीं' लिहिलें तर खोटें होईल काय?"

"होईल, मामा."

"सरी, बरें. मग जसें आहे तसेंच लिही."

तसंच लिहिलं. बाहेर जोराचा पाऊस होता, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले. मामींनी रसम-भात वाढला. आज कोणी काशानीला नावं ठेवली नाहीत.

२२ नोव्हेंबर

लढाई थांबली. आणि आमची बदली! जबलपूर, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. रविकांतने चहा घेता घेता सांगितलं, माझ्याकडे न पाहता. त्याला माहीत आहे.

मैलापूरची प्रकरणं राहिलीत, परतीचा प्रवास अख्खा राहिलाय. मला सोडून मद्रासेत कोण वाचून दाखवणार त्यांना? शोधलं मी. फार्सी येणारे आहेत, पण त्यांना मराठी येत नाही. मराठी येणाऱ्यांना फार्सी नाही.

२७ नोव्हेंबर

मामांना सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "जबलपूर. तिथें नर्मदा आहे."

घरी येताना गाडीत सारखं वाटत होतं की पायताणं हातात घेऊन कोणाच्या तरी खोलीतून बाहेर पडतेय.

१ डिसेंबर

रविकांतशी बोलले. म्हटलं, तू पुढे हो. काम संपलं की येते. अड्यारला त्यांच्या पुढच्या खोलीत राहीन.

त्याने विचारलं, "किती महिने?"

"माहीत नाही. ते सावकाश सांगतात."

"लोक काय म्हणतील ते मी पाहीन. पण विद्युत, मला तिथे एकट्याला करमणार नाही, हेही तुला माहीत असू दे."

रागावला असता तर सोपं गेलं असतं. रात्रीचा भात त्यानेच लावला. कच्चा राहिला. तसाच खाल्ला आम्ही.

४ डिसेंबर

मामांना सांगितलं, मी राहतेय. वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. त्यांनी माझा हात चाचपडून धरला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग रविकांतबद्दलच विचारत राहिले — जेवतो काय, झोपतो किती, आई आहे काय. आज एकच पान झालं. मामी स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत.

८ डिसेंबर

अड्यारच्या घराला कुलूप. शेजारच्या कनकाबाईंनी हाक मारली. परवा मामा-मामी तंजावरला पुतण्याकडे गेले, कायमचे. माझ्यासाठी नक्कल आणि लिहिलेली सगळी पानं ठेवून गेलेत, धोतराच्या फडक्यात नीट बांधून. निरोप तोंडी : "पुढचें तिला माझ्यावांचून येतें."

त्यांच्याच पायरीवर बसून रडले. मग घरी आले आणि रविकांतला सांगितलं, जबलपूरची दोन तिकिटं काढ.