गोड्या पाण्याची विहीर

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. दोन वर्षांत माझं पत्र नाही, तेव्हा अक्षर बघूनच दचकाल. आम्ही दोघं आहोत. तुम्ही आम्हाला विकलेल्या घराच्या खिडक्यांचे गज गंजले, पण अंथरुणातून समुद्र अजून दिसतो, तुम्ही सांगितला होतात तसाच.

तुमच्या भावाची बेकरी बंद पडली. पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारट निघालं आणि पाव कुणी तोंडात धरेना. आता पन्नाशीत दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला जातात. वर ब्लडप्रेशर. ‘मीच पंप फार चालवला, मीच विहीर बिघडवली,’ असं जेवताना मध्येच म्हणतात आणि अर्ध्या ताटावरून उठतात.

मी त्यांना खरं सांगितलेलं नाही. टँकरवाला मागे बोलता बोलता बोलून गेला, की तुम्ही आम्हाला घर बघायला बोलावलंत, त्याच्या आदल्या दिवशी गच्चीवरची टाकी त्यानेच गोड्या पाण्याने भरून दिली होती. मी घरात आले आणि घासलेली भांडी परत घासली. तुमच्याशी बोलणं सोडलं, आणि यांना सांगत राहिले, ताईंना हल्ली वेळ नसतो. आईवडील गेल्यावर त्यांना माहेरासारखं एक तुमचंच घर होतं. तेही काढून घेणं माझ्या जिवावर आलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

गेल्या सोमवारी घर बघायला दवाखान्यातली एक नर्स आली, सोबत तिची म्हातारी आई. आईच्या छातीला समुद्राची हवा हवी होती. मी आदल्या दिवशी टँकरवाल्याला फोन केला. ‘तीच टाकी ना?’ एवढंच तो म्हणाला. म्हातारी नळाचं पाणी दोन पेले प्यायली.

“उन्हाळ्यातही असंच गोड असतं का हो?” नर्सने विचारलं.

“आम्ही हेच पितो,” मी म्हटलं.

ताई, जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

ती होकार देऊनच गेली. संध्याकाळी हे कामावरून आले, नळाखाली चूळ भरली आणि हातात पाणी धरून तसेच उभे राहिले. सकाळी दवाखान्यात जाऊन तिला सगळं सांगून आले. तोवर तिने भाड्याची खोली सोडतोय म्हणून घरमालकाला कळवलंही होतं. ती चिडली नाही म्हणे, नुसती रडली.

आता हे घर कुणी घेणार नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत. फक्त ताट वाढलं की एकच विचारतात, “हे तुला सुचलं कसं?” मी आमटी वाढते. काल त्यांनी बॅग भरली. रविवारी भट्टीमागच्या खोलीत राहायला जाणार आहेत, एकटे.

तुमचं नाव घेतलं तर त्यांची बहीण जाते. नाही घेतलं तर माझा संसार जातो. माझी मती चालत नाही. रविवारच्या आत या. त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. तुम्हाला झोप कशी लागते, असं विचारणार होते. आता तो हक्क मला राहिला नाही.

तुमच्यासारखीच,
तुमची भावजय