टेबलावरची नदी आणि माझी एक ओळ

मी, टिकाराम भोजराज गभणे, वय ६७, राहणार करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. शुद्धीत आहे म्हणूनच अन्न गोड लागत नाही.

१. पुण्याच्या कंपनीत मी एकोणतीस वर्षं ड्रायव्हर लिहिले. म्हणजे कॉम्प्युटर आणि त्यात बसवलेलं कार्ड यांची बोलणी करून देणारे प्रोग्राम. आमच्या टेबलावर आकड्यांची खोटी नदी वाहायची. धरणाचे दरवाजे उघडणारं यंत्र आधी तिला जोडून तपासायचं, मग धरणावर बसवायचं. कार्डाने सेकंदाच्या हजाराव्या भागात पाण्याची पातळी सांगायची. उशीर झाला तर ड्रायव्हरने चाचणी थांबवायची. एकदा गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं, म्हणून थांबण्याऐवजी आधीचाच आकडा पुन्हा द्यायची ओळ मी घातली. नंतर काढू म्हटलं. काढली नाही.

२. माझ्या वह्या, कार्डांची मॅन्युअलं आणि नमुन्याच्या प्रोग्रामांची डिस्क मुलगी रिता हिला. ती पॉलिटेक्निकात शिकवते. कंपनीतले नवे लोक अजून माझाच नमुना उतरवतात, त्या ओळीसकट. पहिल्या पानावर माझी चूक लिहून मगच तिने तो कोणाला द्यावा.

३. तलावाखालची धानाची बांधी पत्नी चंद्रकला हिला. ती म्हणते, "पोराची नोकरी जाईन ना जी, काहून उकरून राहिले?" तिचं चुकत नाही.

४. ती ओळ काढा असं मी कंपनीला लेखी कळवलं होतं; तो इशारा फाईलमध्ये दडपणारे साहेब माझ्या तेरवीला आले तर पोटभर जेवू घालावं. भाषण करू देऊ नये.

५. मुलगा प्रफुल्ल त्याच कंपनीत चाचण्या घेतो. यंदाचं यंत्र त्याच्या सहीने पास झालं. फोनवर म्हणाला, "बाबा, टेस्ट पास झाली ना, मंग कायले डोकं लावता?" पास झाली, कारण माझी ओळ खोटं बोलली. यंत्र आता धरणावर आहे आणि खाली गावं आहेत. काल भंडाऱ्याहून धरणाच्या अधिकाऱ्यांना रजिस्टर पत्र टाकलं. चूक माझी, असं लिहिलं. प्रफुल्लचं नाव घालावं की नाही, यात आठवडा गेला. घातलं. सही त्याची आहे.

६. करडीचं राहतं घर प्रफुल्लला. नोकरी सुटली तर यायला जागा हवी. मृत्युपत्र मरणानंतरच लागू होतं हे मला ठाऊक आहे, पण हे कलम आजपासून लागू. माझ्याशी बोलला नाही तरी चालेल, त्याने यावं.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

टिकाराम भोजराज गभणे

आमच्यासमोर सही झाली:
१. राजकुमार साठवणे, करडी
२. निर्मलाबाई बांते, करडी

करडी, १२ जून २०२५