इनोके सर अजून वाचतायत

मंगळवार, १४ ऑक्टोबर

इनोके सर आज सकाळी पुन्हा वाचत होते.

जुलैत पुरलं त्यांना. कबरीवर घालायच्या चटया मीच मोजून दिल्या. आणि आज आठ वाजता वाचनालयात, कोण ऑनलाइन काय वाचतंय तो तक्ता उघडते तर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका. बघता बघता लाल झाला. लाल म्हणजे प्रमाणाबाहेर वाचन.

वाटलं, स्क्रीनच बिघडला. बंद करून पुन्हा लावला. लालच.

हे लॉगिनचं सॉफ्टवेअर मार्चमध्ये मीच निवडलं. दुसरं एक होतं, साधं – किती जणांनी वाचलं तेवढंच मोजायचं, कोणी काय वाचलं ते विसरून जायचं. विकणारा म्हणाला होता, "मॅडम, आमच्यात सगळं दिसतं. कोण, कधी, कुठलं पान." मला रंगीत तक्ते आवडले. आता बसा बघत.

बुधवार, १५ ऑक्टोबर

कंपनीची मेल आली, जिच्याकडून आमचं मेडिकल कॉलेज नियतकालिकं घेतं ती कंपनी. तुमच्या एका खात्यातून यंत्र लावून लेखांची चोरी चालली आहे, शुक्रवारपर्यंत माणसाचं नाव कळवा नाहीतर सगळ्या कॉलेजचं वाचन बंद. परीक्षा तोंडावर आल्यात. गौंडरबाई, आमच्या मुख्य ग्रंथपाल, मेल वाचून पांढऱ्या पडल्या.

मग सर काय वाचतायत ते उघडून बघितलं. बघायला नको होतं. एकच लेख. लहान मुलांचा ताप, त्यातून हृदयाला होणारी इजा. सर तेच तर शिकवायचे. पण तोच लेख पुन्हा पुन्हा! चौथं पान, मग पुन्हा पहिलं, पुन्हा चौथं. पान उलटताच येत नाही असं.

सेरूदादाला दाखवलं. तो काउंटरवर बसतो. सर गेल्यापासून त्यानं दाढीला वस्तरा लावलेला नाही, शंभरावी रात्र झाल्याशिवाय लावणार नाही. सरांच्या वाचनालयातल्या खुर्चीवर चटई पांघरली आहे, तीही तेव्हाच उचलायची. आणि त्यांचं खातंही आम्ही त्याचसाठी ठेवलं होतं. गेलेल्या माणसाची वस्तू आमच्यात शंभर रात्रींच्या आत हलवत नाहीत.

सेरूदादा स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाला, "अर्धवट राहिलं असेल त्यांचं. वाचू दे. तू हात लावू नकोस, वासिती."

संध्याकाळी लोसाचा फोन, कंदावू बेटावरून. माझी धाकटी बहीण. तिच्या पेनीला ताप आहे, गुडघे सुजलेत. नऊ वर्षांचं पोर, एक मिनिट बसत नाही ते आता उठत नाही म्हणे. तिथल्या डॉक्टरीणबाई नवीन आहेत पण जीव लावून बघतात. "अजून काही?" विचारलं. "नाही ताई, काही नाही." काहीतरी लपवतेय. आवाजावरून कळतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

भीतीनं वेड लागायची पाळी आली. शेवटी एक केलं. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, वाचणाऱ्याच्या पडद्यावर आपली चिठ्ठी पाठवता येते. सरांच्या खात्यावर पाठवली: तुम्ही कोण?

लाल लगेच थांबलं. तासभर काही नाही. मग पुन्हा सुरू. चौथं पान.

उत्तर नाही.

गौंडरबाईंनी आत बोलावलं. "कुणीतरी सरांचा पासवर्ड ढापलाय, एवढंच आहे हे. भूतबित काही नाही. उद्या खातं बंद कर."

म्हटलं, बाई, पुढच्या शनिवारी शंभरावी रात्र आहे, तोवर तरी…

"मेलेल्या माणसासाठी जिवंत पोरांच्या परीक्षा बुडवू? मलाही सर प्रिय होते गं. माझ्या मुलाला त्यांनीच वाचवलं." डोळे पुसले त्यांनी. चुकीचं काय बोलल्या? काहीच नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

बंद केलं. 'नक्की?' असं दोनदा विचारतं. दोन्ही वेळा 'हो' दाबलं.

कंपनीला कळवलं: माणूस सापडला नाही, खातं बंद केलं. त्यांचं उत्तर दुपारीच आलं. यावेळी सोडतो. पुन्हा असं दिसलं तर ज्याच्या नावाचं खातं त्याच्यावर फिर्याद, आणि त्याला कामावर ठेवू नये.

सेरूदादानं चहा करून आणला, माझ्याकडे न बघता ठेवला आणि निघून गेला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सरांच्या खुर्चीवरची चटई खाली पडली होती. खिडकी उघडी होती. वारा असेल. वाराच असेल.

रविवार, १९ ऑक्टोबर

चर्चमधून आले तर लोसाचे सात फोन येऊन गेलेले.

रडत रडत सगळं सांगितलं. पेनीचे हात आपोआप उडतात. चमचा धरवत नाही, तोंड वेडंवाकडं होतं. सासरची माणसं म्हणाली, शाप आहे, बाहेर बोलू नकोस. म्हणून माझ्यापासूनही लपवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शाप नाही, हा त्याच तापाचा आजार आहे, हृदयापर्यंत गेलाय. इथल्या, म्हणजे सुवाच्या, मोठ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, बोटीनं इकडे पाठवा. पण वारा इतका आहे की बोट सुटतच नाही. तोवर डॉक्टरीणबाईंनीच सांभाळायचं.

"त्या वाचून वाचून औषध देत होत्या गं ताई. पाण्याच्या टाकीवर चढून बसायच्या लॅपटॉप घेऊन, तिथंच काय ती रेंज येते. तीही जाते. चार पानं आली की तुटतं, की पुन्हा पहिल्यापासून. कुणा सरांचा पासवर्ड होता त्यांच्याकडे. शुक्रवारपासून तो लागत नाही."

म्हणजे सरांच्या नावानं त्याच वाचत होत्या.

किल्ली घेऊन धावत कॉलेजात गेले. खातं परत उघडेना. बंद केलेलं उघडत नाही, नवा अर्ज लागतो, ज्याचं खातं त्याची सही लागते. कुणाची सही आणू? असलं सॉफ्टवेअर निवडणारी मीच.

लोसाकडून नंबर घेतला. डॉक्टर अकानिसी. आवाज अगदी कोवळा, पोरगीच आहे. सरांची विद्यार्थिनी. पदवी मिळाली त्या दिवशी तिचा कॉलेजचा पासवर्ड बंद झाला. सरांनी आपला दिला: बेटावर जातेयस, माझ्या नावानं वाच.

"ते 'तुम्ही कोण' तुम्ही विचारलं होतं का?" ती म्हणाली. "मला वाटलं, गेलेले सरच विचारतायत. मी टाकीवरून पडता पडता वाचले. मग कळलं, कॉलेजचं कुणीतरी असणार; तरी उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. खरं सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं."

केलंच असतं. न सांगताही केलं.

माझा पासवर्ड तिला सांगितला. एकेक अक्षर. वाऱ्यात ऐकू येईना, तीनदा ओरडून सांगावा लागला. ओरडताना त्या कंपनीची मेल आठवत होती. पण सांगितला.

सोमवार, २० ऑक्टोबर

तक्त्यावर एकच नाव लाल. माझं. चौथं पान, मग पहिलं, मग चौथं.

गौंडरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. "वासिती, हे तू वाचतेयस?"

म्हटलं, हो. मीच.

त्या आत गेल्या. आज ना उद्या कंपनीची मेल येईल. लाल आहे म्हणजे डॉक्टरीणबाई वाचतायत. वाचतायत म्हणजे पेनी आहे. संध्याकाळी निघाले तेव्हाही लालच होतं. देवा, लालच राहू दे.