कोरेशने दार उघडलं तेव्हा

एटोबिको,
१९ मार्च २०१७

प्रिय मेलनी,

रोज व्हॉट्सॅपवर फुलांचं चित्र धाडणारा भाऊ एकदम कागदावर का उतरला, म्हणून घाबरू नकोस. तब्येत ठीक आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघा कुरकुरतो, पण दारातला स्नो अजून मीच फावड्याने उपसतो. फोनवर मला विषय बदलायची वाईट खोड आहे, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक. म्हणून आज लिहितोय.

लुसीला जाऊन या मेमध्ये तीन वर्षं होतील. बायकोविना घर थंडीत खायला उठतं. जानेवारीत आमच्या लायब्ररीत एक पाटी दिसली: प्राचीन इराणचं साम्राज्य, दर मंगळवारी दुपारी, आठ आठवडे. खरं सांगायचं तर मी आत गेलो तो हीटर आणि कॉफीसाठी. शिकवणारे गृहस्थ बहमन नावाचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. शिराझच्या शाळेत इतिहास शिकवायचे. १९८४ मध्ये इथे आले आणि सव्वीस वर्षं टॅक्सी चालवली. इस्त्री केलेला कोट घालून, खिशात पिस्ते घेऊन यायचे आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला दोन पिस्ते द्यायचे. आम्ही सगळे साठीच्या पुढचे, पण त्या पिस्त्यांसाठी हात वर करायचो.

पहिल्या तासाला ते सायरस, सायरस म्हणत होते आणि मी नुसता ऐकत होतो. अर्ध्या तासाने डोक्यात उजेड पडला. अगं, हा तर आपला कोरेश! आपल्या गावी नंदाखालला फादर धर्मशिक्षणाच्या तासाला सांगायचे तोच, बाबेल शहरात कैद करून नेलेल्या यहुद्यांना घरी पाठवणारा. मी त्याला गोष्टीतला राजा समजत होतो. हा तर डोंगरातल्या एका लहानशा राज्याचा धनी निघाला. आधी त्याने शेजारचं मीड लोकांचं मोठं राज्य घेतलं, मग पश्चिमेला थेट समुद्रापर्यंत गेला, मग बाबेल. त्या शहरात तर तो लढाईशिवायच शिरला म्हणतात. त्याच्यामागून आलेल्या दारयावेश राजाने सिंधूपासून ग्रीकांच्या किनाऱ्यापर्यंतचा मुलूख सांभाळला, रस्ते बांधले, टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे ठेवले. महिन्यांची वाट डाकेचे स्वार दीड आठवड्यात तोडायचे. हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे!

एका मंगळवारी त्यांनी त्या राजांच्या राजधानीतल्या, पर्सेपोलिसच्या राजवाड्याच्या जिन्याचे फोटो दाखवले. दगडात कोरलेली माणसं भेटी घेऊन राजाकडे निघालीत. कोणी उंट आणलाय, कोणी कापड. त्यात आपल्याकडचाही एक आहे, मेलनी. उघड्या अंगाचा, धोतर नेसलेला, खांद्यावर कावड. कोणाच्या हातात बेडी नाही. उलट प्रत्येक टोळीच्या म्होरक्याचा हात दरबारातल्या माणसाने धरलाय, पाहुण्याला घरात नेतात तसा. बहमन लगेच म्हणाले, “राजाने पैसे देऊन कोरून घेतलंय, तेव्हा चांगलंच दाखवणार. खंडणीही होती, लढायाही होत्या.” माणूस आपल्या देशावर जीव टाकायचा, पण खोटं बोलायचा नाही. त्या काळचे इराणी मुलांना तीनच गोष्टी शिकवायचे, असं ग्रीकांनी लिहून ठेवलंय म्हणे. घोड्यावर बसणं, बाण मारणं आणि खरं बोलणं.

सहाव्या तासाला मी धीर करून विचारलं, कोरेशने दार उघडलं तेव्हा सगळे परत गेले का? फादरांनी तर तसंच सांगितलं होतं. बहमन म्हणाले, “नाही. पुष्कळ जण राहिले. पन्नास वर्षांत मुलं तिथेच जन्मली होती, शेतं झाली होती. त्यांच्या गावाचं नावच यहुद्यांचं गाव असं पडलं होतं. मातीच्या पाट्यांवर त्यांची नावं सापडली आहेत.” मी विचारलं, त्यांना कोणी अडवलं होतं का? ते म्हणाले, “कोणीही नाही.” मला पिस्ते मिळाले, पण ते माझ्याने खाववेनात.

शेवटच्या तासाला त्यांनी सांगितलं की ते कायमचे शिराझला निघालेत. भाऊ एकटा आहे, आणि नवरोज, त्यांच्या नव्या वर्षाचा सण, घरी करायचाय. गुरुवारी मीच त्यांना एअरपोर्टवर सोडलं. तेहतीस वर्षांचं सामान दोन बॅगांत. गाडीत त्यांनी विचारलं, “कॉन्रॅड, तू कधी जाणार?” मी नेहमीचं उत्तर दिलं, गुडघा, डॉक्टर, पेन्शन. ते हसले. म्हणाले, “मी तिथल्या सरकारला घाबरत घाबरत का होईना, जातोय. तुझा तर रस्ता मोकळा आहे.” मग उतरताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “राहायचं असेल तर राहा. पण राहतोय म्हणून सांग कोणाला तरी.”

मेलनी, इथे परदेशात आल्यापासून एक्केचाळीस वर्षं मी तुला दर ख्रिसमसला ‘पुढच्या वर्षी कायमचा परत येतो’ असा वायदा दिला. आधी पोरीचं शिक्षण, मग नोकरी, मग लुसीचं आजारपण. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. खरं हे की मला इथेच राहायचंय. सरोवराच्या काठाने चालायला मला आवडतं. चर्चच्या गायनमंडळात माझ्याशिवाय खालचा सूर धरणारा कोणी नाही. मी कोणाचा मुलगा, कोणत्या आळीतला, हे इथे कोणी विचारत नाही, आणि तेही मला आवडतं. हे तुला सांगायची लाज वाटायची, कारण आईबाबांना शेवटपर्यंत तू एकटीने पाहिलंस आणि मी नुसती तारीख पुढे ढकलत राहिलो. त्याची माफी मागतो. मागायला फार उशीर झालाय, हेही कळतं.

बाबा गेले त्या वर्षी तू माडीवरच्या माझ्या खोलीला कुलूप लावलंस, दादा येईल तेव्हा त्याची जागा असू दे म्हणून. दर महिन्याला तू ती झाडतेस. तुझा मुलगा ग्लेन मात्र बायकोला घेऊन नालासोपाऱ्यात भाड्याच्या एका खोलीत राहतो, आणि जूनमध्ये त्यांच्या घरी पाळणा हलणार. हे मला तू नाही, त्याने सांगितलं. तेही मीच खोदून विचारलं तेव्हा, म्हणून त्याला रागावू नकोस. माझी बाय, आता ते कुलूप काढ. माझा पलंग, टेबल, जे उपयोगी असेल ते त्यांना ठेवू दे, बाकीचं देऊन टाक. मुलांना या ईस्टरपर्यंत घरी आण. बाळाच्या बाप्तिस्म्याला मी नक्की येतो, या वेळी तिकीट काढूनच लिहितोय, चोवीस ऑगस्टचं. तीन आठवडे राहीन. पुढच्या खोलीत चटई टाकशील तिथे झोपेन. आणि परत निघताना तू रडशील ना, तेव्हा मी ‘पुढच्या वर्षी’ म्हणणार नाही. तुझ्याजवळ नुसता बसून राहीन.

तुझाच भाऊ,
कॉन्रॅड