नावाआधीचं गं. भा.

गुरुवार, संध्याकाळ

वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटातून माझी पोस्ट काढली. कोणी काढायला लावली असेल?

आलेल्या लग्नपत्रिकेवर माझ्या नावाआधी 'गं. भा.' होतं. नवरा गेलेल्या बाईच्या नावाला ही पाटी, मग बायको गेलेल्या पुरुषाला का नाही? काल एवढंच विचारलं. पत्रिका कोणाची ते लिहिलं नाही. खाली एका गुरुजींनी लिहिलं, 'गं. भा. सुमनताईंनी दुःख आवरावं,' आणि पुढे जोडलेले हात. सकाळी माझी पोस्ट गायब, गुरुजींचे जोडलेले हात जागच्या जागी!

गट चालवणाऱ्या महेशला फोन केला.

"काकू, लोक दुखावले. गटात सभ्यता नको का?"

"कुठला शब्द असभ्य होता?"

"शब्द न्हाय हो, विषय."

"तक्रार कोणाची?"

"नाव सांगणं बरं दिसत न्हाय की."

आधी संशय गुरुजींवर. मग शेजारच्या लतावर. घरी येऊन 'लई छान लिहिलंत' म्हणाली, गटात मात्र गप्प. हे गेल्यापासून बोलायला तो गटच उरलाय. आता तिथेही प्रत्येकाकडे असं बघायचं?

आत्ता उठून पत्रिका पुन्हा काढली. निमंत्रकांची नावं कोण वाचतं? मीही वाचली नव्हती. शेवटून तिसरं नाव महेशचं. म्हणजे तक्रार कोणी केलीच नसेल.

उद्या तीच पोस्ट पुन्हा टाकणार. त्याचं नाव घालणार नाही, पण माझा एक शब्दही गाळणार नाही.